प्रिंट सर्व्हर हलवताना एक्स्पोर्टच्या आधीचं काम

जुना प्रिंट सर्व्हर (ज्याच्यामार्फत ऑफिसातली सगळी छपाई प्रिंटरकडे जाते तो संगणक) काढून नवा उभा करायचा ठरलं की आमच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांतले बरेचजण थेट विंडोजचं प्रिंट मॅनेजमेंट उघडतात, सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक करतात आणि 'एक्स्पोर्ट प्रिंटर्स टू अ फाइल' निवडतात. साधन चांगलं आहे, यात वाद नाही. विंडोज सर्व्हर २००८ पासून ते सोबतच येतं. सर्व्हर २००३ च्या काळात प्रिंट मायग्रेटर वेगळं उतरवून घ्यावं लागायचं. क्यू (प्रत्येक प्रिंटरची सर्व्हरवरची रांग), ड्रायव्हर (त्या प्रिंटरची भाषा जाणणारं सॉफ्टवेअर), पोर्ट (प्रिंटरपर्यंतची वाट), फॉर्म (कागदाची मापं), परवानग्या असं सगळं एका फाइलमध्ये बांधून मिळतं आणि नव्या सर्व्हरवर ती फाइल उघडली की सगळं परत मांडलं जातं.

पण निवड करणं हे त्या साधनाचं काम नाही. भंगारात गेलेल्या प्रिंटरची क्यू, कोणीतरी चाचणीसाठी बनवून विसरलेली 'कॉपी २', कोणीच न वापरणारे ड्रायव्हर, सगळं ते इमानदारीने उचलतं. मग हा गाळ नव्या सर्व्हरवर पुढची कित्येक वर्षं बसून राहतो. म्हणून माझं ठाम मत आहे की या कामातला बहुतांश वेळ एक्स्पोर्टच्या आधी घालवावा.

सुरुवात मी लॉगपासून करतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसखाली 'ऑपरेशनल' नावाचा लॉग असतो. तो मुळात बंद असतो आणि त्याला जागाही थोडीच दिलेली असते, त्यामुळे चालू करतानाच त्याची मर्यादा वाढवून ठेवायची. मग छापल्या गेलेल्या प्रत्येक कामाची ३०७ क्रमांकाची नोंद पडत जाते: कोणी पाठवलं, कोणत्या मशीनवरून, कोणत्या क्यूवर, कोणत्या पोर्टला, किती बाइट, किती पानं. हा लॉग निदान एका महिनाअखेरीवरून तरी जायला हवा, कारण काही क्यू फक्त तेव्हाच जाग्या होतात. त्यानंतर पॉवरशेलच्या गेट-प्रिंटर कमांडने काढलेली सगळ्या क्यूंची यादी आणि या नोंदी शेजारी ठेवल्या की कोणाशी बोलायला जायचं ते दिसतं. एकही नोंद नाही म्हणून क्यू परस्पर उडवायची नाही. तिमाही किंवा वार्षिक कागद छापणारी क्यू अशीच शांत पडलेली असते. तिथे माणसालाच विचारावं लागतं.

पुढचा विषय पोर्टचा. आपोआप सापडलेला प्रिंटर जोडला असेल तर त्याला बऱ्याचदा डब्ल्यूएसडी पोर्ट (विंडोजने नेटवर्कवर स्वतः शोधून जोडलेलं) लागलेलं असतं. ते जुन्या सर्व्हरवर असतानाच बदलून प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर जाणारं स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट करून घ्यावं आणि तो पत्ता डीएचसीपीमध्ये (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेत) राखून ठेवावा. नवा सर्व्हर वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असेल तर फायरवॉलवाल्यांना छपाईच्या ९१०० सोबत एसएनएमपीचा, म्हणजे प्रिंटरची स्थिती विचारण्याचा, यूडीपी १६१ सुद्धा उघडायला सांगायचं. पोर्टवर 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण असेल आणि १६१ अडवलेला असेल, तर प्रिंटर ठणठणीत असूनही क्यू 'ऑफलाइन' दाखवते आणि सगळे प्रिंटरच तपासत बसतात.

प्रिंट प्रोसेसरही (छपाईचं काम प्रिंटरला पाठवण्याआधी तयार करणारा भाग) आधीच पाहून घ्यावा. कंपनीच्या ड्रायव्हरने स्वतःचा प्रोसेसर बसवलेला असतो. तो नव्या सर्व्हरवर नसेल तर क्यू परत मांडताना अडकते. जिथे चालेल तिथे एक्स्पोर्टआधी विंडोजचा स्वतःचा 'विनप्रिंट' करून ठेवलेलं बरं.

ड्रायव्हर मी जुन्या सर्व्हरवरून उचलत नाही. नव्यावर ताजे बसवतो, ड्रायव्हरचं नाव अक्षरशः तेच असल्याची खात्री करतो आणि प्रिंटबीआरएमला (त्याच एक्स्पोर्टची कमांड) 'नोबिन' पर्याय देऊन ड्रायव्हरच्या फाइल वगळतो. अर्थात ड्रायव्हर नवा म्हणजे लोकांच्या मशीनवरही तो जायला हवा. २०२१ च्या जुलैत प्रिंटनाइटमेअर, म्हणजे विंडोजच्या छपाई सेवेतली सुरक्षेची त्रुटी, गाजलं आणि ऑगस्टच्या अपडेटपासून प्रिंटर ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले. नव्या सर्व्हरला जोडताना साध्या वापरकर्त्यासमोर पासवर्डची खिडकी येते ती यामुळे. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) एक किंमत शून्य केली की ती खिडकी जाते, पण मी तो मार्ग घेत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. ज्या दारातून हल्ला होत होता तेच दार आपण परत उघडतो. ड्रायव्हर आधीच सगळ्या मशीनवर पाठवून ठेवावेत.

सगळ्यात जपून करायची गोष्ट म्हणजे डिफॉल्ट. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' आणि 'ॲडव्हान्स्ड' टॅबखालची 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' या दोन खिडक्या दिसायला जवळजवळ सारख्या. पहिली फक्त तुमच्या खात्यापुरती, दुसरी सगळ्यांसाठी. ड्रायव्हर बदलला की दुसऱ्या खिडकीतला कागद लेटर झालेला असू शकतो. मग ट्रेमध्ये ए४ भरलेला असताना प्रिंटर लेटर मागत उभा राहतो. डिस्पॅचच्या लेबल प्रिंटरचं तर विशेषच. त्यांचं १०० बाय १५० मिलिमीटरचं लेबल हा सर्व्हरवर बनवलेला फॉर्म असतो, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधल्या फॉर्मच्या यादीत. क्यू आली पण तो फॉर्म निवडलेला राहिला नाही, तर बारकोड अर्धा एका लेबलवर आणि अर्धा पुढच्यावर येतो, स्कॅनर तो वाचत नाही आणि गाडी दारात थांबून राहते. त्या टेबलावरच्या मंडळींना याचा त्रास होऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून लेबलच्या प्रत्येक क्यूवर मी खरं लेबल छापून त्यांच्याच स्कॅनरने वाचून बघतो. टेस्ट पेजवर भागत नाही.

नावाचा प्रश्न शेवटी येतो. लोकांची मशीनं जुन्या सर्व्हरच्या नावाने जोडलेली असतात. नव्याला तेच नाव देता आलं तर उत्तम. नुसतं डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) टोपणनाव लावून भागेलच असं नाही, त्या नावाने आलेली हाक सर्व्हरने स्वतःची म्हणून स्वीकारायला हवी. नेटडॉम या कमांडने सर्व्हरला पर्यायी नाव जोडणं त्यासाठी बरं पडतं. नाव बदलणारच असेल तर ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनवर एकदम सेटिंग लावायची विंडोजची सोय) जोडण्या बदलायच्या.

बदल संध्याकाळी, क्यू रिकाम्या झाल्यावर करायचा, कारण थांबलेली कामं एक्स्पोर्टमध्ये येत नाहीत. ती जुन्याच सर्व्हरच्या स्पूल फोल्डरमध्ये पडून राहतात. नव्याला वेगळं नाव दिलं असेल तर त्याच संध्याकाळी जुन्या क्यूंवरची 'लिस्ट इन द डिरेक्टरी' ही, म्हणजे कंपनीच्या शोधयादीत प्रिंटर दाखवणारी, खूण काढायची. राहिली तर शोधणाऱ्याला एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी दिसतात, आणि तो सवयीची जुनीच निवडतो.