पांढऱ्यांच्या नळीत तांबडं

आतल्या फाट्याच्या नळीतून लालभडक थेंब पडला तेव्हा मला आधी वाटलं, नळ्या उलट्या जोडल्या गेल्यात. पंप बंद केला, पाहिलं. नळ्या बरोबर होत्या.

आमची चिप म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी तांबड्यांपासून वेगळ्या काढणारा, पारदर्शक सिलिकॉन रबराचा छोटासा तुकडा. त्यात चकलीसारखी वळत जाणारी एकच वाहिका, रुंदी ६०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). रक्त बफर नावाच्या द्रावणानं वीसपट पातळ करून सिरिंज पंपानं जोरात सोडायचं. वळणामुळे वाहिकेत आडवे भोवरे उठतात. (डीन या गणितज्ञानं १९२७ साली वाकड्या नळीतल्या प्रवाहाचं हे गणित मांडलं, तेव्हा रक्ताच्या पेशी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हत्या.) मोठी पेशी आतल्या भिंतीशी टिकून राहते, लहान पेशी भोवऱ्याबरोबर बाहेरच्या कडेला जाते. पांढरी पेशी साधारण १० ते १५ मायक्रॉनची, तांबडी ७-८ मायक्रॉनची चकती. शेवटी दोन फाटे: आतला पांढऱ्यांचा, बाहेरचा तांबड्यांचा. रसायन नाही, चुंबक नाही. सातशे-आठशे तांबड्यांत एखादी पांढरी, आणि तरी ती नुसत्या वळणांनी वेगळी निघते. चार वर्षं हेच काम करतेय, पण आतल्या नळीत जवळजवळ नितळ पाणी उतरताना दिसलं की अजून हरखून जाते.

आणि त्या दिवशी तिथे लाल. त्याआधीचे अकरा नमुने सुरळीत गेले होते. आम्हाला शेजारच्या रुग्णालयातून तपासणीनंतर उरलेलं रक्त मिळतं, जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत. नाव नसतं, फक्त क्रमांक. माझ्याबरोबरचा एमटेकचा विद्यार्थी म्हणाला, “ताई, चिप फाटली असेल, आतून गळत असेल.” नवी चिप लावली. पुन्हा लाल. मग प्लास्टिकचे मणी सोडून पाहिले, ते अगदी जिथे जायला हवेत तिथेच गेले. म्हणजे चिप ठीक होती.

सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला. तांबड्या पेशी सुट्ट्या नव्हत्याच. द्राक्षांच्या घडांसारखे गुच्छ, एकेकात दहा-पंधरा. नाण्यांच्या चळतीसारख्या पेशी एकमेकींना चिकटतात, ते मी बऱ्याचदा पाहिलं होतं. पण त्या चळती सलाइन घातलं की सुटतात, आणि हे तर वीसपट पातळ केलेलं रक्त. तेव्हा उलगडलं. चिप फक्त आकारमान ओळखते. तिच्या लेखी तो गुच्छ म्हणजे एक मोठी पेशी. तिनं तो मोठ्यांच्या वाटेनं पाठवला.

रुग्णालयातल्या रक्ततपासणी विभागात एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. फोनवर त्यांनी गुच्छांचं वर्णन पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “बफर कुठून काढलास, फ्रीजमधून ना? नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेव अर्धा तास. बफरही कोमट घे. सकाळी हाच नमुना आमच्या यंत्रानं अडवला होता बघ, तुला चिठ्ठी लावायची राहून गेली.”

सकाळी त्यांच्या यंत्रानं तांबड्या पेशी मोजल्या १६ लाख, हिमोग्लोबिन १०.२. हा मेळच बसत नाही. हिमोग्लोबिन पेशी फोडून मोजतात, त्यामुळे ते खरं येतं; पण गुच्छ एकेक पेशी म्हणून मोजला गेला की संख्या कोसळते. काकांनी नळी गरम करून पुन्हा मोजलं तेव्हा ३४ लाख भरल्या. रुग्णाच्या रक्तात थंडीत जागं होणारं प्रतिपिंड होतं, कोल्ड अॅग्लुटिनिन. काही प्रकारच्या न्यूमोनियानंतर ते वाढतं, कधी इतर कारणांनीही. डॉक्टरांना काकांनी सकाळीच कळवलं होतं. अशा माणसाला रक्त चढवावं लागलं तर ते कोमट करून द्यावं लागतं, इतकं ते महत्त्वाचं.

नळी गरम पाण्यात होती तोवर मी मघाची स्लाइड हातात घेतली. काचेखाली तळवा धरला, मिनिटभर थांबले आणि पटकन पुन्हा भिंगाखाली सरकवली. घड सैल होत होते. एकेक पेशी सुटून बाजूला तरंगत होती. विद्यार्थ्याला हाक मारली, पण तो येईपर्यंत काच निवायला लागली आणि पेशी परत एकमेकींकडे ओढल्या जाऊ लागल्या. त्यानं ते पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

आम्ही चिप तपासली ती मण्यांवर. मण्यांना गारठा लागत नाही. खोलीचा एसी २० अंशांवर, बफर ४ अंशांचा, आणि मी मात्र प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत प्रवाहाचा वेग दशांशापर्यंत लिहीत होते. तापमानाला वहीत रकानाच नव्हता. याची रुखरुख अजून आहे, कारण आधीच्या अकरापैकी एखाद्यात थोडं लाल आलं असेल, तर मी ते धुण्यातली कसर समजून सोडून दिलं असेल.

संध्याकाळी पंपासकट सगळं थंड-गरम करता येणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये मांडलं. ३७ अंशांना आतली नळी नितळ. ३२ला नितळ. २८ला किंचित गुलाबी छटा. २४ला लाल. रक्त पातळ केलेलं, त्यामुळे या आकड्यांना निदान म्हणता येणार नाही, हे मी वहीत ठळक लिहिलं. मग काकांना फोन लावला. ते घरी पोचले होते, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

“२८ला सुरू होतंय,” मी म्हणाले.

“थांब,” ते म्हणाले, “पेन घेतो.”