बागेत वाहन आणू नये

आजचा दिवस या एका ओळीच्या नियमात गेला. ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ साली दिलेलं हे उदाहरण. मोटार आत आली तर वादच नाही. तो शब्दाचा गाभा. पण सायकल? रोलर स्केट्स? खेळण्यातली मोटार? इथे अर्थाची कड धूसर होते, नुसत्या तर्कावर निकाल लागत नाही आणि न्यायाधीशाला निवड करावी लागते.

त्याच वर्षी अमेरिकन कायदेतत्त्वज्ञ लॉन फुलर यांनी उलट विचारलं: दुसऱ्या महायुद्धातला, चालू स्थितीतला ट्रक स्मारक म्हणून चौथऱ्यावर बसवला तर? ट्रक तर थेट गाभ्यातला! तरी आपण आधी नियमाचा हेतूच शोधतो. मला हा घाव वर्मी बसलेला वाटतो.

मात्र हार्ट न्यायाधीशांना मोकळं रान देतात, हा (फार पसरलेला) गैरसमज आहे. त्यांच्या १९६१ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या पुस्तकातलं सातवं प्रकरण वाचा. नियमांनी सगळं आधीच ठरतं असं मानणारे आणि नियम म्हणजे थोतांड म्हणणारे, दोघांनाही ते तिथे खोडतात. बहुतेक प्रश्न गाभ्यातच मिटतात, म्हणून तर रोजचा व्यवहार कोर्टाची पायरी न चढता चालतो.