दादर टीटी ते मरीन ड्राइव्ह : जॉनी वॉकरच्या मागोमाग

दादर टीटीतला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मी चौथीत असताना काकांनी हे सांगितलं होतं, तेव्हापासून त्या नाक्यावरून जाताना रस्त्यात रूळ शोधायची मला सवय लागली. रूळ कधीच उखडले. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, काका बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून लागले ते पुढच्या वर्षी. गेल्या डिसेंबरात एका सकाळी आम्ही दोघं त्याच नाक्यावर, खोदादाद सर्कलला, आणिककडे जाणाऱ्या बसची वाट बघत उभे होतो. काका आता त्र्याऐंशीचे आहेत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि नजर मात्र येणाऱ्या प्रत्येक बसच्या पाटीवर.

मी पुण्याहून आले होते ती विनोदी नट जॉनी वॉकरसाठी. त्याचे सिनेमे मी इतक्यांदा पाहिलेत की कुठल्या गाण्यात तो टोपी कधी सरळ करतो तेही पाठ झालंय. पण पडद्यावर येण्याआधी हा माणूस याच दादरच्या डेपोतून कंडक्टर म्हणून निघायचा, ते वातावरण मला बघायचं होतं. आणि ते दाखवायला काकांपेक्षा चांगला माणूस मला मिळाला नसता.

"आम्ही लागलो तेव्हा तो केव्हाच मोठा नट झाला होता," काका म्हणाले. "पण डेपोच्या कँटीनमध्ये त्याचं नाव निघालं की सगळे म्हणायचे, आपल्यातला आहे तो. मी काय त्याला बघितलेलं नाही. पण आपल्यातला, एवढं खरं."

त्याचं खरं नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. जन्म इंदूरचा. वडील तिथल्या कापडगिरणीत होते. गिरणीतलं काम गेलं आणि मोठं खटलं घेऊन ते मुंबईला आले. मुलाची शाळा सहावीतच सुटली. बर्फाच्या कांड्या, फळं, भाजी, जे विकता येईल ते त्याने विकलं आणि शेवटी बेस्टची नोकरी लागली. पगार महिना २६ रुपये. नट व्हायचं हे डोक्यात आधीपासून होतं. त्या काळचा विनोदी नट नूर मोहम्मद चार्ली याच्यावर त्याचा जीव होता, त्याच्या नकला करतच तो मोठा झाला. त्याला मंच मिळाला तो बसमध्ये.

आमची बस आली. काकांना बसायला लगेच जागा मिळाली. कंडक्टर चोवीस-पंचवीसचा मुलगा, गळ्यात तिकिटाचं मशीन. काकांनी सुटे पैसे आधीच मोजून मुठीत धरले होते. मुलाने बटण दाबलं, पांढरी चिठ्ठी बाहेर आली. काकांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि दोनदा घडी घालून घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवली.

शीवच्या पुढे गर्दी वाढली. दारात दोघांची धक्क्यावरून जुंपली. कंडक्टर आवाज चढवून दोघांना गप्प करायला लागला तसे काका माझ्या कानाशी म्हणाले, "असं नाही करायचं. दोघांशी बोलायचंच नाही. मधे जाऊन उभं राहायचं आणि तिसऱ्याच माणसाला विचारायचं, काय हो, तुमचा स्टॉप मागे गेला का? तो दचकतो, खिडकीबाहेर बघतो, बस हसते. भांडण तिथेच संपतं. कुणाचा अपमान नाही, काही नाही."

मी ते वाक्य लगेच वहीत लिहून घेतलं. जॉनी वॉकरचं काम इतकं निर्मळ का वाटतं याचं उत्तर मी कितीतरी वर्षं शोधत होते, ते मला शीवच्या पुलाखाली सापडलं. त्याचा विनोद असाच चालतो. प्रसंग ताणलेला असतो, नायक कुढत असतो, कुणीतरी कुणावर ओरडलेलं असतं, आणि हा तिरक्या बाजूने आत येऊन तिसरंच काहीतरी बोलतो. त्यात कुणाचं व्यंग नसतं, कुणाच्या बायकोवर शेरा नसतो. तीनशेच्या आसपास सिनेमे केले, पण सेन्सॉरने आपल्या तोंडचं एक वाक्यही कधी कापलं नाही, हे तो अभिमानाने सांगायचा. तो अभिमान त्याला शोभतो.

आणिक डेपोत बेस्टचं छोटं संग्रहालय आहे. मोठा गाजावाजा नाही. डेपोच्या कामाच्या धबडग्यातच ट्राम आणि बसची लहान मॉडेलं, जुनी तिकिटं, तिकिटांची यंत्रं मांडलेली. काका मॉडेलांपाशी फार रेंगाळले नाहीत. ते थांबले तिकीट पंचपाशी.

पंच म्हणजे पकडीसारखं एक लहानसं हत्यार. मूठ दाबली की तिकिटावर गोल भोक पडतं. काकांनी हवेतच मूठ धरून दाखवली. "हा अंगठा बघ," ते म्हणाले. अंगठ्याच्या मुळाशी अजूनही कातडी जाड आहे. डाव्या हातात तिकिटांची पेटी, तीत दराप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या गड्ड्या. नोटा उभ्या घडीने बोटांच्या बेचक्यात. तिकिटावर कडेला आकडे, प्रवासी ज्या स्टेजला, म्हणजे भाड्याच्या टप्प्याला, चढला असेल त्या आकड्यावर भोक. प्रत्येक स्टेजला वेबिलावर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, नोंद. रात्री हिशेब कमी आला तर खिशातून भरायचे. "आणि हे सगळं करताना पंच रिकामाही वाजवायचा," काका म्हणाले. "टिक-टिक, टिक-टिक. म्हणजे तिकीट न काढलेल्याला कळतं, आपण आलो."

हे ऐकताना मला जॉनीचे हात आठवत होते. तो हात कधी स्वस्थ ठेवत नाही, पण उगाच हलवतही नाही. 'प्यासा'तला तेलमालिशवाला अब्दुल सत्तार आठवा. खांद्याला अडकवलेल्या बाटल्या, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेक्यात पडणारी बोटं. आवाज रफीसाहेबांचा, शब्द साहिरचे, चाल एस. डी. बर्मन यांची, पण गाणं चालतं त्या बोटांवर. मला तरी आता तिथे पंच वाजवणारा हात दिसतो.

बसमधून पडद्यापर्यंत त्याला नेलं बलराज साहनींनी. त्या वेळी ते 'बाजी' लिहीत होते. या कंडक्टरच्या गमती त्यांच्या नजरेत भरल्या आणि त्यांनी त्याला गुरुदत्तला भेटायला सांगितलं. तिथे त्याने दारुड्याचं सोंग असं वठवलं की गुरुदत्तने त्याला घेतलं, आणि नाव ठेवलं व्हिस्कीचं. स्वतः मात्र तो दारूला शिवायचा नाही. १९५१ चा 'बाजी' गुरुदत्तने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. त्याआधी गुरुदत्तची उमेदवारी झाली ती पुण्यात, प्रभातमध्ये. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि माझा रोजचा रस्ता त्याच फाटकावरून जातो.

नंतरचे सिनेमे सगळ्यांना माहीत आहेत. 'आरपार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'सीआयडी', 'प्यासा', 'कागज के फूल', 'चौदहवीं का चाँद'. 'आरपार'च्या वेळी त्याला नूर भेटली, नटी शकीलाची बहीण, आणि त्यांनी लग्न केलं. एक वेळ अशी आली की त्याच्यावर चित्रित झालेलं गाणं सिनेमात हवंच, असा वितरक आग्रह धरायचे. सहायक नटासाठी ही केवढी गोष्ट! त्या काळचे आपले सिनेमे गाण्यांवर उभे असत आणि गाणी नायक-नायिकेची असत. त्यात या माणसाने स्वतःची जागा केली, आणि ती भरतीची नव्हती. 'प्यासा'त नायकाला वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर पडायला मदत करतो तो हाच मालिशवाला. सगळे पाठ फिरवतात तेव्हा रस्त्यावरचा माणूस उपयोगी पडतो, हे त्या सिनेमात त्याच्यामुळे खरं वाटतं.

'मधुमती'चं मला विशेष प्रेम, कारण त्यातलं जंगल थोडं आपलंही आहे. नैनीतालच्या बाजूला केलेलं बरंचसं चित्रीकरण धुरकट निघालं, म्हणून इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात खोटे पाइन उभारून काही भाग पुन्हा घेतला गेला. जॉनीच्या चरणदासला त्या वर्षीचं सहायक नटाचं फिल्मफेअर मिळालं. पुढच्या पावसाळ्यात वैतरण्याला जायचं काकांनी आत्ताच कबूल करून घेतलंय.

जेवून आम्ही सीएसएमटीला गेलो, ए-११५ पकडायला. ही नवी विजेवर चालणारी डबल डेकर, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाते. जुन्या लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. काकांना जिना चढताना वेळ लागला, पण वर जायचंच हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. पुढची सीट मिळाली. चर्चगेट मागे पडलं आणि डावी-उजवी नजर फिरवेपर्यंत समोर समुद्र उघडला.

'सीआयडी'तला जॉनी पाकीटमार आहे. मुंबईत जगणं किती अवघड ते सांगत तो समुद्राकाठच्या रस्त्याने गातो, सोबत कुमकुम. गीतकार मजरूहने त्या गाण्यात ट्राम घातली, मोटर घातली, मिल घातली. ट्राम गेली, मिल गेल्या. पण ते गाणं म्हणजे शहरावरची तक्रार आहे असं मला कधी वाटलं नाही. गिरणीतलं काम गेलेल्या बापाचा मुलगा, २६ रुपयांवर राबलेला, तो हे हसत म्हणतो म्हणून ते ऐकवतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते रडगाणं झालं असतं.

"शेवटचं काय केलं त्याने?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं, 'चाची ४२०', १९९७. दारूबाज मेकअपमन. म्हणजे 'बाजी'च्या आधी वठवलेला दारुडा सेहेचाळीस वर्षांनी परत भेटला. मधे बरीच वर्षं तो सिनेमापासून लांबच होता, विनोद पांचट झाला म्हणून. पण त्याआधी १९७१ चा 'आनंद' आहे, त्यात तो इसाभाई. ओळख ना पाळख, आनंद त्याला मुरारीलाल म्हणून हाक मारतो आणि हा क्षणभरही न अडखळता त्याला जयचंद म्हणून मिठी मारतो. तो अनोळखी माणसाला आपलंसं करून घेणारा क्षण मी कितीदा पाहिला असेन. २९ जुलै २००३ ला तो गेला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो हाच इसाभाई.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुरारीलाल म्हटल्यावर थांबलाच नाही ना तो? बसमध्ये असंच व्हायचं. रोज कुणीतरी आपल्याला भलत्याच नावाने हाक मारायचं. आपण ओ द्यायची."

एनसीपीएला बस थांबली. काकांनी उठायच्या आधी मनगट वळवून सकाळचं आणिकचं तिकीट बाहेर काढलं, घडी उघडली, त्यावर अंगठा ठेवून मूठ दोनदा दाबली आणि ते माझ्या वहीच्या पानात ठेवून दिलं.