सेंट जॉन्सचा चौक: जलरंगातला आणि आजचा

केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेज पाहायचं ते रँग्लर परांजप्यांसाठी, हे पुण्याहून निघतानाच ठरलं होतं. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा 1899 मध्ये इथे सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या पदवी परीक्षेत पहिला, झाला, तो मान मिळवणारा पहिला भारतीय. पण आदल्या संध्याकाळी जुन्या चित्रांच्या दुकानात याच कॉलेजच्या फर्स्ट कोर्टचं, म्हणजे पहिल्या चौकाचं, एक व्हिक्टोरियन जलरंगचित्र पाहिलं, आणि माझं सगळं लक्ष त्या चौकाकडे लागलं.

चित्र वहीच्या पानापेक्षा थोडंच मोठं. डावीकडे फिकट दगडी दर्शनी भिंत, 1770च्या दशकात जेम्स एसेक्स या वास्तुकाराने जुन्या विटांवर चढवलेली. तिच्यासाठी कागद जवळजवळ कोराच ठेवलाय, वर पिवळसर रंगाचा एक पातळ हात. समोर हॉल, म्हणजे जेवणाचं दालन. विटांचा तांबूस रंग ओला असतानाच खाली ओढलेला. काळ्या झग्यातले विद्यार्थी ब्रशच्या दोन-चार फटकाऱ्यांत उभे केलेत. पण उजवीकडच्या बुटक्या, लांबट चॅपेलपाशी, म्हणजे प्रार्थनाघरापाशी, चित्रकार रेंगाळलाय. तिथली एकेक कमान बारीक ब्रशने ओढलेली दिसते.

ते चॅपेल आज नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या दरवाजातून आत गेलो. दरवाजावरच्या नक्षीत संस्थापिका लेडी मार्गारेट बोफोर्टच्या कुलचिन्हातले येल नावाचे शिंगवाले काल्पनिक प्राणी आहेत, ते जरूर थांबून पाहावेत. चौकात पाऊल टाकलं की डावी बाजू आणि समोरचा हॉल चटकन ओळखू येतो, उजवीकडे मात्र नजर अडखळते. तिथे मोकळी हिरवळ, आणि तिच्यामागे वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं प्रचंड चॅपेल, 1863 ते 1869 मध्ये बांधलेलं. जुनं चॅपेल कॉलेजपेक्षाही जुनं होतं. 1511 मध्ये कॉलेज स्थापन झालं त्याआधी इथे सेंट जॉनचं हॉस्पिटल होतं, तेराव्या शतकातलं. त्याचीच ती वास्तू. तिच्या पायाची रेघ हिरवळीत अजून दिसते. मी त्या रेघेच्या कडेने बराच वेळ चाललो.

नव्या चॅपेलचा मनोरा 163 फूट उंच. स्कॉटच्या मूळ आराखड्यात तिथे फक्त एक छोटं शिखर होतं. हेन्री होअर नावाच्या माजी विद्यार्थ्याने मनोऱ्यासाठी दरवर्षी हजार पौंड द्यायचं कबूल केलं, म्हणून हा बेत मोठा झाला. पुढे रेल्वे अपघातात होअर वारले, पैसे कमी पडले. मनोरा कसाबसा पुरा झाला, घंटा काही बसल्या नाहीत. आतून चॅपेल देखणं आहे, पण चौकाच्या मापाला ते झेपत नाही, असं माझं ठाम मत झालं. विटांच्या त्या जुन्या घरंदाज चौकावर ते वाकून उभं आहे.

परांजपे 1896 मध्ये इथे आले तेव्हा मनोरा तीस वर्षांचाही नव्हता. त्यांना दिसला तो चौक हाच, आज आपल्याला दिसतो तो.

जाणार असाल तर कॉलेजच्या वेळा आधी पाहून घ्या. परीक्षांच्या दिवसांत दरवाजे बंद असू शकतात. आणि हिरवळीतली ती रेघ चॅपेलमध्ये शिरण्याआधी शोधा. मनोरा एकदा नजरेत भरला की खाली बघायचं राहून जातं.