तुम्ही विचारलेत म्हणून: त्या फोटोंत तो का नाही

‘दोघे स्कॉटलंडला बाइकवर फिरायला गेला होतात ना, मग आमचा मुलगा एकाही फोटोत कसा नाही?’ हा प्रश्न मामींनी पहिल्यांदा विचारला तेव्हा ‘एक रोल वाया गेला’ असे सांगून मी विषय बदलला. नंतर तोच प्रश्न मावशीने विचारला, कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी विचारला, आणि गेल्या महिन्यात एका मुंजीच्या पंगतीत, ज्यांच्याशी माझे नेमके नाते मला सांगता येणार नाही अशा एका गृहस्थांनी जिलेबी वाढणाऱ्याला थांबवून विचारला. त्यांच्या प्रश्नाला ‘भांडलात की काय?’ अशी शेपटीही होती. प्रत्येकाला मी थोडे वेगळे उत्तर दिले आहे, आणि ती उत्तरे आता एकमेकांशी जुळेनाशी झाली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

आधी फिल्मविषयी, कारण त्यावरूनही मला बरीच बोलणी खावी लागतात. खिशात चांगला फोन असताना स्कॉटलंडच्या पावसात जुना निकॉन एफएम-२ कशाला न्यायचा, याचे माझे उत्तर ठरलेले आहे. ओल्या काचेवर ओले बोट चालत नाही आणि जाड हातमोजा त्याहून चालत नाही. या कॅमेऱ्याचे शटर मात्र पूर्ण यांत्रिक असून बॅटरी फक्त प्रकाश मोजण्यापुरती लागते. यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरीही ते माझे खरे कारण नाही. रोलमध्ये छत्तीसच फोटो आहेत हे माहीत असले की मी एका जागी जास्त वेळ उभा राहतो, आणि ते उभे राहणे मला आवडते. फिल्मवर फोटो काढणारा माणूस म्हणून ओळखले जाणेही मला आवडते. हे दुसरे मी पूर्वी कधी कबूल केले नव्हते.

त्या उभे राहण्याचा हिशेब मी त्या वेळी केला नाही. एक फोटो म्हणजे बाइक बाजूला लावणे, हातमोजे काढणे, पिशवी उघडणे, भिंग पुसणे, प्रकाश मोजणे, ढग सरकण्याची वाट पाहणे आणि मग हेच सगळे उलट क्रमाने करणे. सहज दहा मिनिटे जातात. त्या दहा मिनिटांत माझा मामेभाऊ स्वतःचा रेनकोट काढून माझ्या आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर धरून उभा असे. मामी, तो फोटोत नाही याचे पहिले आणि सर्वांत साधे कारण हे आहे.

पाऊस आपल्याला नवा नाही, ताम्हिणीत भिजण्यातच आमची निम्मी जवानी गेली, या माजावर मी गेलो होतो. आकडेही माझ्या बाजूने होते: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत तीन हजारांच्या वर. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि भिजलेल्या माणसाला चहा मिळाला की निभते. तिथे तो वर्षभर पसरलेला असतो, समुद्रावरून आडवा येतो, आणि सप्टेंबरातच खिंडीच्या माथ्यावर बोटांतली जाणीव जाते. बोटांचे हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचा घोळ बोटांनीच केला.

आम्ही चढलो त्या खिंडीचे नाव ब्यालाख ना बा, स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतले. अर्थ, गुरांची खिंड. गुरे हाकत नेण्याच्या जुन्या वाटेवर १८२२ साली रस्ता झाला, आणि १९७०च्या दशकात किनाऱ्याचा रस्ता होईपर्यंत ॲपलक्रॉस गावाला जायची गाडीवाट ही एवढीच होती. टोर्नाप्रेसला, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवर, चढ सुरू होतो आणि रस्ता थेट ६२६ मीटरवर जातो. रस्ता एकेरी, समोरून गाडी आली तर बाजूच्या रुंद जागेत थांबायचे, आणि शिकाऊ चालकांनी व मोठ्या वाहनांनी या वाटेला जाऊ नये असा फलक पायथ्यालाच लावलेला आहे. त्या फलकाजवळ मी नवा रोल भरला. इल्फर्ड कंपनीचा एचपी-५ होता, अंधारून आले होते म्हणून तो कमी प्रकाशात चालेल अशा १६०० या संवेदनशीलतेवर वापरायचा ठरवला होता. मामेभावाने रेनकोट धरला होता आणि तो म्हणत होता, ‘‘दादा, आवर. ढग खाली उतरतायत.’’

रोल भरल्यावर फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढताना रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत गुंडाळण्याची, चावी फिरते की नाही हे पाहायचे असते. ती फिरली तर फिल्म पलीकडच्या रिळाने पकडली आहे. हे मी वीस वर्षे करत आलो आहे आणि त्या दिवशी केले नाही. त्याने घाई केली म्हणून राहिले, असे मी पुढचे कित्येक महिने स्वतःला सांगत होतो. घाई त्याने केली होती हे खरे. पण चावी पाहायला एक सेकंद लागतो.

वरच्या टप्प्यातली वळणे आपल्या घाटातल्यासारखीच एकावर एक रचलेली आहेत. वरच्या वळणावर उभे राहून खालून येणारी एकच बाइक, तिचा धुक्यात विरघळलेला दिवा आणि मागे किशोर्नची करडी खाडी असा फोटो मला हवा होता. बाइकवर अर्थात मामेभाऊ. त्याचे स्वतःचे असे फोटो मी याच जागेसाठी राखून ठेवले होते. आधीच्या तीन दिवसांत त्याला चौकटीत घेतले नाही, कारण रिकामा रस्ता अधिक चांगला दिसत होता. (हे वाचायला वाईट वाटते, लिहायलाही वाटते, पण तसेच होते.) पहिल्या खेपेला ढग आडवा आला. दुसऱ्या खेपेला समोरून मोटार आली. तिसऱ्यांदा खाली जाण्यापूर्वी तो हेल्मेटची काच वर करून म्हणाला, ‘‘बास ना आता.’’ मी उत्तर न देता एक बोट वर केले.

तिसऱ्या खेपेला डावीकडच्या वळणात, अगदी आतल्या बाजूला, त्याच्या बाइकचे इंजिन बंद पडले. त्याने डावा पाय टेकायला खाली सोडला, पण उताराकडे कललेल्या त्या रस्त्यावर जमीन पायाला लागली नाही, आणि बाइक त्याच्यासकट आडवी झाली. वेग जवळजवळ शून्य होता. मी चाळीस पावले वर होतो. मी कॅमेरा पिशवीत ठेवला, पाणी जाऊ नये म्हणून पिशवीचे तोंड तीन वेळा गुंडाळले, चाप लावला आणि मग धावलो. ती पिशवी घाईत बंद होत नाही, म्हणजे मी ती नीट, सावकाश बंद केली असणार. मी पोचलो तेव्हा तो डावा हात उजव्या हाताने धरून रस्त्यावर बसला होता. म्हणाला, ‘‘दादा, कॅमेरा भिजला नाही ना?’’

हे तो काळजीने म्हणाला की त्याने मला पाहिले होते म्हणून म्हणाला, हे मला आजही ठरवता येत नाही. तो स्वभावाने टोमणे मारणारा नाही. पण हेल्मेटची काच वर होती आणि तोंड माझ्याच दिशेला होते.

क्लचच्या लिव्हरचे टोक तुटले होते. उरलेल्या तुकड्यावर दोन बोटे ठेवून त्याने बाइक उतारावरून ॲपलक्रॉसला नेली आणि तिथून किनाऱ्याने शील्डेग गावापर्यंत, मी मागून. मनगटाचे पुढे काय झाले, सहा आठवडे प्लास्टर कसे होते, हे मामींना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही ते त्या रात्रीचे आहे. तो मनगटावर गोठवलेल्या मटाराची पिशवी धरून पलंगावर बसला होता आणि मी छत्तीस आकडा ओलांडूनही लिव्हर अडत का नाही, याचा विचार करत होतो. रिवाइंडची चावी फिरवली तर ती सैल, काहीच ओढत नव्हती. मागचे झाकण उघडले. फिल्मचे टोक रिळातून सुटून, सकाळी ठेवले होते तिथेच पडले होते. दिवसभरात एकही फोटो निघाला नव्हता. ‘‘तो वळणावरचा आला असेल का?’’ त्याने विचारले. ‘‘धुतल्यावर कळेल,’’ मी म्हणालो.

पाच रोल नेले होते. चार धुवायला दिले. त्यांतल्या १४४ पैकी १९ मी सर्वांना दाखवले. दोन फोटोंच्या वरच्या कडेला त्याच्या रेनकोटची बाही आली होती, ती मी कापली. ‘केवढा एकांत!’, ‘एकट्याने एवढे धाडस!’ असे लोक म्हणाले आणि मी दोन-तीन जणांचे चक्क आभार मानले. रचनेसाठी कापली, असे तेव्हाचा मी म्हणतो. आणि बाहीमुळे चौकट खरोखरच बिघडत होती, हे मला आजही त्याला नाकारता येत नाही. मात्र बाही ठेवली असती तर ते आभार मानता आले नसते, हे त्याला तेव्हाही कळत होते.

भांडलात का, याचे उत्तर: नाही. परतीच्या दोन दिवसांत तो मागे थांबला नाही, मीही त्याला थांब म्हटले नाही, आणि शेवटचा रोल मी बहुतेक मुक्कामाच्या खिडकीतून संपवला. तो अजून दिवाळीला फोन करतो, दादाच म्हणतो. कोऱ्या रोलची गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. मामी, हे आता तुम्ही त्याला वाचून दाखवाल याची मला कल्पना आहे. मी आधी फोन करायला हवा होता, आणि दोनदा लावूनही पाहिला. दोन्ही वेळा आम्ही पावसाविषयी बोललो.

‘रोल वाया गेला’ हेही खरे नव्हते. सुरुवातीच्या दोन-तीन चौकटी सोडल्या तर तो रोल अजून चांगला आहे, त्यावर प्रकाश पडलेलाच नाही. आमच्या फ्रिजच्या दारात, कढीपत्त्याच्या डबीमागे तो ठेवला आहे. आई महिन्यातून एकदा तो हातात घेऊन ‘‘हे टाकायचंय का?’’ असे विचारते, आणि मी ‘‘राहू दे’’ म्हणतो.