भिंती वाटून न घेता केलेलं प्रदर्शन : माझा अनुभव

या फेब्रुवारीत आम्ही चौघांनी मिळून छत्रपती संभाजीनगरात अमूर्त चित्रांचं प्रदर्शन केलं, विषय होता निसर्गातला बदल. तेव्हापासून नांदेड, लातूर, बीडकडची चित्र काढणारी पोरंपोरी विचारायलीत की ताई हे जमवलं कसं, खर्च किती येतो, हॉलवाले उभं करतात का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही चौघं म्हणजे परभणीचे एक निवृत्त ड्रॉइंगचे सर, जालन्याची माझी मैत्रीण, आर्ट कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा आणि मी. सुरुवात 2024 च्या उन्हाळ्यात झाली. नुसतं "निसर्ग" म्हटलं की काहीही काढता येतं आणि मग चार जणांची चार तोंडं चार दिशेला होतात, म्हणून सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की प्रत्येकानं एकच गोष्ट धरा आणि सगळे ऋतू तीच बघा. सरांनी काळी माती घेतली, मैत्रिणीनं मोसंबीची बाग, त्या मुलानं म्हैसमाळचा डोंगर, आणि मी नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याचा काठ. या एका नियमानं प्रदर्शनाचं निम्मं काम झालं असं मला आजही वाटतं.

त्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा एक आकडी टक्क्यांवर आला होता. आपल्याकडं धरणाचे टक्के लोक रोज पेपरात बघतात, पण काठावर जाऊन उभं राहिलं की ते टक्के डोळ्याला दिसतात. पाणी उतरत जातं तशा रेघा मागं राहतात, एकाखाली एक, वरच्या वाळून पांढुरक्या पडलेल्या, मधल्या करड्या, पाण्याजवळच्या अजून ओल्या काळपट, आणि उघड्या पडलेल्या गाळात आधीच कुणी गाळपेर केलेली असली तर तिचा वाळका पिवळा पट्टा मधेच. मी तिथं चित्र काढायचे नाही, वहीत फक्त रंग आणि पट्ट्यांची रुंदी लिहून आणायचे, आणि घरी मोठ्या कॅनव्हासवर नाइफनं, म्हणजे रंग पसरवायच्या बोथट पात्यानं, थर चढवायचे. अमूर्त म्हणजे मनाला येईल तसे रंग ओतायचे असं ज्यांना वाटतं त्यांनी अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची चित्रं कुठं मूळ स्वरूपात बघायला मिळाली तर जरूर बघावीत. रोलर आणि नाइफनं चढवलेले, खरवडलेले थर आहेत ते, आणि हा माणूस वर्षाला मोजकीच चित्रं करायचा. बघण्यात वेळ गेला नसेल तर अमूर्त चित्र पोकळ दिसतं, लपत नाही.

सरांच्या मातीचं जरा सांगते कारण त्यातून शिकण्यासारखं लई आहे. त्यांना रंगानं माती दाखवायची नव्हती, मातीच लावायची होती. आता आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून तर उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती गाळून, फेविकॉलमध्ये कालवून कॅनव्हासवर जाड लावली तर दोन दिवसांत पापड्या धरून खाली येते. सरांनी उपाय अजिंठ्यातून उचलला. तिथल्या भिंतींवर चित्राच्या खाली मातीचा गिलावा आहे, त्यात साळीचा भुसा, गवताचे तंतू मिसळलेले आहेत आणि वर चुन्याचा पातळ हात, तंतू माती धरून ठेवतात. सरांनी मातीत बारीक रेती आणि कुटलेलं गवत घातलं, कॅनव्हासऐवजी प्लायवूड घेतलं कारण कॅनव्हास हलतो, आणि एकदम जाड न लावता पातळ पातळ थर दिले, आधीचा पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. मग भेगा पडल्या पण माती सुटली नाही. जवळून बघितलं तर भेगेच्या कडा वर वळलेल्या दिसायच्या, त्या कडांवर गेरूचा अगदी पुसट हात होता.

मग सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी झाली. नद्यांकाठची रानं खरडून गेली, माती गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. सरांची भेगांची मालिका जवळपास पूर्ण होती. त्यांनी तयार पाट्यांपैकी काही परत टेबलावर घेतल्या आणि ओल्या फडक्यानं, पत्र्याच्या पट्टीनं माती एका बाजूनं ओढून काढली, खालचं लाकूड दिसेपर्यंत. आम्ही बघत होतो, कुणी काही बोललं नाही. प्रदर्शनातलं सगळ्यात ताकदीचं काम तेच ठरलं, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच वाळतं, त्यामुळं पॅलेटखाली ओलं फडकं ठेवायचं आणि काम पहाटे किंवा रात्री. हॉलसाठी अर्ज, कामाचे फोटो आणि डिपॉझिट लागतं, आणि तारीख लेखी घ्या, कारण एका ठिकाणी तोंडी दिलेली आमची तारीख दुसऱ्या कार्यक्रमाला गेली आणि सगळं पुढं ढकलावं लागलं. वर्गणी सारखी काढली. सगळ्यात जास्त पैसा फ्रेमिंगला जातो, म्हणून काच न लावता फ्लोटर फ्रेम केली, कॅनव्हासच्या कडा मोकळ्या दिसतात आणि स्वस्तही पडते. किंमत चौरस इंचावर काढली, दर प्रत्येकाचा वेगळा, पण हिशोबाची पद्धत एकच, त्यामुळं पैशावरून वाद झाला नाही.

वाद झाला भिंतींवरून. सामूहिक प्रदर्शनात सहसा प्रत्येकाला एकेक भिंत देतात. मला आणि सरांना ते नको होतं. आमचं म्हणणं, भिंती वाटल्या तर ती चार छोटी प्रदर्शनं होतील, बदल दिसणारच नाही. चैत्रापासून सुरू करा आणि फाल्गुनात संपवा, चित्र कुणाचं का असेना. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्हाला ओळखतात लोकं. माझी भिंत वेगळी असली तर मला कोणी तरी बघंल, नाहीतर मी तुमच्यात हरवूनच जाईन." त्याचं चूक नव्हतं. नवीन माणसाला नाव करायचं असतं आणि हे बोलायलाही हिंमत लागते. सर त्याला एवढंच म्हणाले, "बाळा, पाऊस आला की तुझ्या डोंगरावर वेगळा अन् माझ्या रानात वेगळा येतो का?" शेवटी असं ठरलं की क्रम वर्षाचाच, पण प्रत्येक चित्राच्या पट्टीवर चित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरात, आणि दारातलं पहिलं चित्र त्याचं. त्याचा चैत्रातला डोंगर होता, वाळल्या गवताचा पिवळा-तांबूस आणि वर कोपऱ्यात पळसाची एकच केशरी खूण राहिलेली.

लावण्याच्या आदल्या दिवशी सगळी चित्रं भिंतीच्या कडेनं जमिनीवर मांडून बघा, हे करायलाच पाहिजे. नुसत्या महिन्याच्या क्रमानं लावली तर आषाढ-श्रावणात हिरव्याला हिरवं भिडून सगळं मरत होतं, म्हणून तिथं मैत्रिणीचं पाण्यानं सडलेल्या मोसंबीचं काळसर चित्र मधे घेतलं आणि दोन्हीकडचं हिरवं एकदम उठून आलं. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर धरला, लहान-मोठं कसंही असलं तरी मध्य एका रेषेत. मातीच्या कामांवर लाइट समोरून न टाकता बाजूनं टाकला, समोरून टाकला की भेगा सपाट दिसतात.

लोक काय म्हणाले? काही जण दारातूनच "हे आपल्याला कळत नाही" म्हणून वळत होते, त्यांना मी एवढंच म्हणायचे की काका, नाही कळलं तरी चालेल, एक चक्कर मारा. गंगापूरकडचे एक शेतकरी काका बराच वेळ माझ्या "उघडा काठ" समोर उभे होते. मग बोट न लावता दाखवत म्हणाले, "ही वरची रेघ दिवाळीची, ही संक्रांतीची, अन् ही शिमग्याच्या पुढची. पण बाई, ही गव्हाची गाळपेर दावलीत का हरभऱ्याची? गव्हाचा हिरवा निळसर असतोय, हा हिरवा धड दोन्ही नाही." चित्राखाली नुसतं चित्राचं आणि माझं नाव होतं, धरणाचा कुठं उल्लेख नव्हता. मी वहीत त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि आता तो पट्टा पुढच्या चित्रात गव्हाचाच करायलेय.

विक्री बेताची झाली. मुलाचं दारातलं चित्र गेलं, मैत्रिणीची दोन छोटी गेली, सरांनी खरवडलेल्या पाट्या विकायला ठेवल्याच नव्हत्या. हॉलचं भाडं निघालं, फ्रेमचा खर्च अंगावर आला, तो चौघांत वाटून घेतला. पुढचं परभणीत करायचं ठरतंय, तिथं गॅलरी नाही म्हणून सर एका शाळेच्या हॉलचं बघायलेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळेल असं म्हणालेत, फक्त तिथल्या भिंतींना खिळा मारता येत नाही तर चित्रं उभी कशी करायची यावर सध्या आमचे रोज फोन चालू आहेत.