जेक हेके आणि आपली मंडळी

न्यूझीलंड म्हटलं की आपल्याकडे काय डोळ्यांपुढे येतं? 'कहो ना प्यार है'मधलं क्वीन्सटाउन, पहाटेचा गजर लावून पाहिलेल्या क्रिकेट मॅचेस आणि कॅलेंडरवरची तळी-डोंगर. 'वन्स वेअर वॉरियर्स' हा १९९४ सालचा सिनेमा नेमका त्याच कॅलेंडरवर सुरू होतो. निळं तळं, मागे डोंगर, वर स्वच्छ आकाश. मग कॅमेरा सरकतो आणि कळतं की हे जाहिरातीचं होर्डिंग आहे. खालून मोटारवे धडधडतोय आणि कडेने एक बाई सामानाची ट्रॉली ढकलत घरी निघाली आहे. ती बेथ हेके. पुढचे पावणेदोन तास आपण तिच्या घरातून बाहेर पडू शकत नाही, आणि बराच वेळ तीही पडू शकत नाही.

इथे न्यूझीलंडमध्ये कुणाशीही, म्हणजे पाकेहा (गोरे), माओरी (इथले मूळ रहिवासी), सामोअन (सामोआ बेटांवरचे) कुणाशीही घरगुती हिंसाचाराचा विषय निघाला की चौथ्या-पाचव्या वाक्यात या सिनेमाचं नाव येतंच. मी तो इथल्या लायब्ररीतून डीव्हीडी आणून पाहिला. नवरा पंधरा मिनिटांत उठून गेला. 'रविवारी दुपारी हे काय लावलंस', म्हणाला.

गोष्ट साधी आहे. बेथ, तिचा नवरा जेक आणि त्यांची पाच मुलं एका सरकारी वसाहतीत राहतात. जेकचं काम सुटलंय, बेकारभत्त्यावर घर चालतंय आणि त्याला त्याची फिकीर नाही. पबमध्ये त्याच्या मुठीचा दरारा आहे, त्याच्या स्नायूंवरून त्याला 'जेक द मस' म्हणतात. दिसायला देखणा, गळा गोड, हसला की बायको विरघळते. दिग्दर्शक ली तामाहोरीने (हा त्याचा पहिलाच चित्रपट) आणि टेमुएरा मॉरिसनने जेकला राक्षस केला नाही, हीच खरी अडचण आहे. एका रात्री घरच्या पार्टीत तो आणि बेथ मिळून गाणं म्हणतात, सगळं घर गिटारवर डोलत असतं, आणि क्षणभर वाटतं की किती मजेत आहेत ही माणसं. मग जेकच्या एका मित्राला भूक लागते. जेक बायकोला म्हणतो, अंडी कर. ती चारचौघांत नाही म्हणते. आणि जेक तिला मारतो. एक थप्पड लगावून तो थांबत नाही, फेकून, आपटून, ओढून मारत राहतो. पाहुणे काढता पाय घेतात. वर मुलं सगळं ऐकत असतात, आणि थोरली मुलगी ग्रेस धाकट्यांना पोटाशी धरून बसते.

मला त्या मारहाणीपेक्षा दुसऱ्या दिवसाची सकाळ जास्त बोचली. त्या दिवशी मुलगा बूगी याची बालन्यायालयात तारीख असते. बेथचा चेहरा इतका सुजलेला असतो की ती त्या तोंडाने कोर्टात जाऊ शकत नाही. जेक जाण्यातला नाही. तेरा वर्षांची ग्रेस भावासोबत जाते. आईबाप हजर नाहीत, घर सांभाळू शकत नाहीत, हे कोर्टाला आयतंच दिसतं, आणि बूगीला सरकारी सुधारगृहात पाठवतात. एका रात्रीच्या अंड्यांपायी पोरगं घरातून गेलं. कुणी भाषण देत नाही, कुणी समजावून सांगत नाही, नुसतं घडत जातं. 'नवरा-बायकोचं भांडण, आपण मध्ये पडू नये' असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या सगळ्या काका-मावशांना हा पाच मिनिटांचा तुकडा दाखवावा असं मला फार वाटलं.

पुढे याहून वाईट होतं. ग्रेसवर घरातच येणारा जेकचा मित्र अत्याचार करतो आणि ती स्वतःचं आयुष्य संपवते. बेथ मुलीला घेऊन आपल्या माराएवर, म्हणजे आपल्या कुळाच्या सभाघरी, अंत्यविधीसाठी जाते. जेक पबमध्येच बसून राहतो. शेवटी बेथ त्याला सोडते. बेथचं काम करणाऱ्या रेना ओवेनला मॉन्ट्रियलच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला आणि चित्रपटाला तिथलं सर्वोच्च पारितोषिक. मायदेशी तर त्याने त्याआधीच्या सगळ्या न्यूझीलंडी चित्रपटांचा गल्ला मागे टाकला. लोकसंख्या तेव्हा जेमतेम ३६ लाख.

इतक्या छोट्या देशात सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली की तिचं पुढे काय होतं? बायका रेना ओवेनला रस्त्यात गाठून आपली कहाणी सांगत. मूळ कादंबरी अ‍ॅलन डफची, १९९० सालची, आणि ती आली तेव्हाच खळबळ उडाली होती. पण वाचणारे किती आणि पाहणारे किती! १९९५मध्ये इथे घरगुती हिंसाचाराचा नवा कायदा आला. त्यात संरक्षण आदेश सोपे झाले, मानसिक छळ हिंसेत धरला गेला, आणि मुलांना अशी मारहाण पाहायला-ऐकायला लावणं हाही मुलांचा छळच, असं स्पष्ट लिहिलं गेलं. ग्रेस वरच्या खोलीत जे ऐकत होती, ते कायद्याच्या पुस्तकात गेलं. याचं श्रेय सिनेमाला देऊ नये. आश्रयगृहं चालवणाऱ्या बायका १९७०च्या दशकापासून सरकारदरबारी डोकं आपटत होत्या, कायद्याची तयारीही आधीपासून चालू होती. सिनेमाने एवढं केलं की नंतर कुणाला 'असं काही होत नाही' म्हणायची सोय उरली नाही.

निदान माओरी घरांबद्दल तरी. आणि इथेच गोची आहे.

आमच्या ऑफिसात एक माओरी सहकारी आहे, रोटोरुआकडची. मी उत्साहाने तिला म्हटलं, सिनेमा पाहिला, जबरदस्त आहे. ती म्हणाली, 'हो, चांगला आहे. पण माझे वडील कधी आवाज चढवून बोलले नाहीत, आणि हे मला शाळेपासून लोकांना सांगावं लागतंय.' तिने हे रागाने म्हटलं नाही. पाहुण्यांना चहात साखर किती विचारावी, त्या सुरात म्हणाली. तिच्या वर्गातली मुलं बेथ-जेकची नक्कल करायची. 'अंडी कर' हे वाक्य इथे विनोद झालंय. टी-शर्टवर येतं, पबमध्ये येतं, बार्बेक्यूला तर येतंच. तीस वर्षांनीसुद्धा. ज्या वाक्यानंतर एका बाईचा चेहरा फुटतो, ते वाक्य लोक हसत हसत म्हणतात, आणि कित्येक पोरांना जेक हा हिरो वाटतो. तामाहोरीचा दोष नाही म्हणा. पण इतका देखणा जेक उभा केल्यावर हे व्हायचंच होतं.

माओरी अभ्यासकांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. लिओनी पिहामा यांचं म्हणणं असं की सिनेमात हिंसा दिसते, पण ती कुठून आली ते दिसत नाही. जमिनी गेल्या, भाषा शाळेत मारून मारून काढली, हे पडद्यावर कुठेच नाही. गोरी माणसं तर चित्रपटात जवळजवळ नाहीतच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला चारांतले तीन माओरी खेड्यात, आपल्या कुळाजवळ राहत. १९८०च्या दशकापर्यंत पाचांतले चार शहरात आले होते. गिरणगावात कोकणातून माणसं आली तशी ही माणसं कारखान्यांत, कत्तलखान्यांत, रेल्वेत आली, आणि १९८४नंतर सरकारने बाजार मोकळा केला तेव्हा तीच कामं आधी बुडाली. जेकची नोकरी सुटते ती या काळात. सिनेमा पाहणाऱ्या न्यूझीलंडकराला हे माहीत असेल असं धरून चाललेलं दिसतं. बाहेरच्याला काहीच कळत नाही. त्याला एवढंच कळतं की माओरी माणूस पितो आणि मारतो.

एक धागा मात्र मला, मराठी घरात वाढलेलीला, लगेच पकडता आला. बेथ मोठ्या घराण्यातली. जेक म्हणतो, आम्ही गुलामांच्या वंशातले. लग्नाला तिच्याकडच्यांचा विरोध होता, आणि तो डंख त्याच्या मनात अजून ठसठसतोय. आंतरजातीय लग्नानंतर अठरा वर्षांनीही सासरचा शब्द मनात ठेवणारा जावई आपण पाहिलेला असतो. त्याने बायकोला मारायला हवंच असं नाही, अर्थात.

आणि बूगीचं सुधारगृह. सिनेमात तिथे एक समंजस माओरी शिक्षक असतो. तो मुलांना हाका (माओरी युद्धनृत्य) आणि तायाहा (लांब लाकडी शस्त्र) शिकवतो, आणि बूगी तिथून ताठ मानेने बाहेर येतो. पाहताना बरं वाटतं. प्रत्यक्षात? २०२४च्या जुलैमध्ये इथल्या रॉयल कमिशनचा (सरकारी चौकशी आयोगाचा) अहवाल आला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि चर्चच्या संस्थांत सुमारे साडेसहा लाख मुलं-माणसं राहिली, आणि त्यांतल्या अंदाजे दोन लाखांचा छळ झाला. माओरी मुलं त्यांत प्रमाणाबाहेर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान लक्सन यांनी संसदेत माफी मागितली. मारहाणीच्या घरातून काढून मुलाला जिथे ठेवलं, तिथेही मारहाणच, असं अनेकांच्या बाबतीत घडलं. हा अहवाल वाचल्यावर सिनेमातला तो शिक्षक मला एकदम खोटा वाटायला लागला. माणूस म्हणून नव्हे, दिलासा म्हणून.

आता आपल्या मंडळींकडे येते, कारण हे लिहायचं खरं कारण ते आहे.

ऑकलंडच्या दक्षिणेला, ओटारा-पापाटोएटोएच्या पट्ट्यात आपली भरपूर माणसं आहेत. शनिवारी ओटाराच्या बाजारात कोथिंबीर, मेथी, तारो (अळूचे कंद) आणि ताजे मासे एकाच रांगेत मिळतात. त्या रांगेत उभं राहून आपली माणसं एकमेकांना काय सांगतात? 'इकडे जरा जपून हं, हे लोक फार मारामारी करतात.' हे लोक म्हणजे कोण, ते वेगळं सांगावं लागत नाही. ही माहिती बहुतेकांना सिनेमातून किंवा सिनेमा पाहिलेल्यांकडून मिळालेली असते. गणपतीला, दिवाळी फराळाला विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं: आपल्यात असं नसतं. आपण शिकलेले, आपण पीत नाही (हे वाक्य बरेचदा हातात ग्लास धरून म्हटलं जातं), आपण मुलांच्या शाळेकडे लक्ष देतो.

आपल्यात नसतं, तर 'शक्ती' कशाला निघाली असती? १९९५ मध्ये, म्हणजे सिनेमा आल्याच्या पुढच्याच वर्षी, फरीदा सुलताना आणि काही आशियाई बायकांनी ऑकलंडमध्ये ही संस्था काढली. आशियाई, आफ्रिकी, मध्यपूर्वेतल्या बायकांसाठी. कारण या बायकांची अडचण वेगळी असते. अंडी कर म्हणणारा नवरा पुढे असंही म्हणतो की तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे. पासपोर्ट त्याच्या कपाटात. बँकेचं कार्ड त्याच्याकडे. सासू व्हिडिओ कॉलवर, रोज. घर सोडलं तर माहेरच्यांना काय सांगायचं, त्यांनी तर गावभर सांगितलंय की पोरगी परदेशात आहे. यातलं काहीही मारहाण म्हणून दिसत नाही, डोळा काळानिळा होत नाही, आणि म्हणून मंडळात कुणाच्या लक्षात येत नाही. किंवा येतं, आणि भाजीची रेसिपी विचारून विषय बदलला जातो.

तुमच्यापैकी कुणाची लेक, बहीण, भाची इकडे यायची असेल तर तिला काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा. १११ नंबरला पोलीस येतात, आणि दुभाषा मागता येतो. घरगुती हिंसेमुळे नातं मोडलेल्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. त्याच्या अटी आहेत आणि त्या सगळ्यांना लागू पडत नाहीत, म्हणून निर्णय घ्यायच्या आधी जाणकाराला विचारायचं. आणि १ एप्रिल २०१९पासून नोकरी करणाऱ्याला, ठरावीक काळ काम झालेलं असेल तर, वर्षाला १० दिवसांची पगारी रजा याच कारणासाठी मिळते. घर शोधायला, वकील गाठायला, मुलांची शाळा बदलायला. माझ्या करारपत्रात सिक लीव्हच्या खालीच ती ओळ होती. मी वाचली, पुढे गेले आणि मग परत मागे येऊन वाचली. पुण्यातल्या कंपनीच्या एचआरला ही रजा मागायला गेलेली बाई मी डोळ्यांपुढे आणून पाहिली; आली नाही.

गेल्या संक्रांतीच्या आधी आमच्या इथल्या काही जणींनी सुचवलं की हळदीकुंकवाला या विषयावर काम करणारी एखादी बाई बोलवू, अर्धा तास बोलेल, प्रश्न विचारता येतील. वाण द्यायला माहितीचं कार्डही ठेवू, पर्समध्ये मावेल असं. कार्यकारिणीत चर्चा झाली. एक काका म्हणाले, सणासुदीला हे कशाला? एक काकू म्हणाल्या, उगाच ज्या घरात काही नाही तिथेही शंका निघतील. आमच्यातली एक म्हणाली, मग सिनेमा तरी दाखवू, 'वन्स वेअर वॉरियर्स'. त्याला मात्र बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तो बघायला हरकत नाही, असं ठरलं. इकडच्या लोकांचं आयुष्य कसं असतं ते मुलांना कळेल. कार्डांचा विषय 'वेळ उरल्यास' या सदरात गेला. तिळगूळ, लकी ड्रॉ आणि फॅशन शो झाल्यावर वेळ उरला नाही.

कार्डं आम्ही तरीही छापली. ती लेडीज टॉयलेटमध्ये आरशाखाली ठेवली. कार्यक्रम संपल्यावर हॉल झाडायला थांबलो तेव्हा अर्धी संपली होती. कुणी नेली ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या वेळी जास्त छापायची आहेत, आणि हिंदी, गुजराती, पंजाबीतही हवी आहेत. गुजराती-पंजाबी नीट लिहिता येणारं कुणी ऑकलंडमध्ये ओळखीचं असेल तर खाली कळवा.